ढोल आधी कोणी वाजवला? ओनित्शाच्या मूळ घराण्यांचं प्रकरण

नदी समोर होती आणि राजा कोण, हे ठरायचं होतं. म्होरक्या वाटेतच वारला होता. त्याच्या मागून चालत आलेल्या घराण्यांत बरोबरीचे दावेदार होते. शेवटी असं ठरलं, की पलीकडच्या काठावर जो पहिल्यांदा ‘उफिए’ वाजवील तो राजा. उफिए म्हणजे अखंड लाकूड कोरून केलेला, वर लांब चीर ठेवलेला ढोल. तो राजाचा मान. ओरेझे नावाच्या माणसाने चलाखी केली, बाकीच्यांच्या आधी ढोल घुमवला आणि तो ओनित्शाचा पहिला ‘ओबी’, म्हणजे राजा झाला.

ऐकायला ही एखाद्या लोककथेसारखी गोष्ट. पण विसाव्या शतकात तिच्या आधाराने जमिनीचे दावे लढले गेले, गादीच्या वारसासाठी सरकारी चौकशी बसली आणि नायजेरियातल्या मोठमोठ्या माणसांनी आपली ओळख तिच्यावर बेतली. आपल्या जुन्या शब्दात सांगायचं, तर ही कथा म्हणजे त्या गावाचा करीना. घराण्याची हकीकत सांगता सांगता हक्क सांगणारा कागद, फक्त इथे कागदाच्या जागी माणसाची जीभ. तो करीना खरा किती, आणि खरा नसलेला भाग कशासाठी आहे, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

ओनित्शा नायजेरियाच्या अनाम्ब्रा राज्यात, नायजर नदीच्या पूर्व काठावर आहे. समोरच्या काठावर असाबा. दोन्ही काठ जोडणारा पूल 1965 मध्ये पुरा झाला. पश्चिम आफ्रिकेत कुणालाही ओनित्शा म्हटलं की बाजार आठवतो. कापड, औषधं, मोटारींचे सुटे भाग, छापील चोपड्या, सगळं घाऊक. पण मूळ गाव बाजाराच्या मागे, चढावर आहे. त्याला ‘एनू ओनिचा’, वरचं ओनित्शा म्हणतात. नदीलगतचं ते ‘ओतू’, घाट. घाटावर सगळा इग्बो मुलूख, म्हणजे आग्नेय नायजेरियातल्या इग्बो लोकांचा प्रदेश, धंद्याला येऊन राहिला आहे. वरच्या गावात राहतात ते स्वतःला गावचे म्हणवतात. त्यांची मोजदाद ‘एबो इतेनानी’ अशी होते, म्हणजे नऊ कुळगट. शहराच्या अफाट वस्तीत हे लोक मूठभर आहेत, पण राजा त्यांचा, दरबार त्यांचा.

इथेच एक गाठ आहे. इग्बो लोकांत म्हण आहे, ‘इग्बो एन्वे एझे’, इग्बोंना राजा नसतो. ती शंभर टक्के खरी नाही, न्रीसारख्या गावी पुरोहित-राजे होतेच. पण इग्बो मुलखात बहुतेक ठिकाणी कारभार चालायचा तो भावकीतल्या वडीलधाऱ्यांच्या बैठकीतून, मानाच्या पदव्या घेतलेल्या माणसांकडून, वयोगटांच्या जथ्यांतून. अशा मुलखात मुकुट घालणारा राजा, त्याच्याभोवती तीन पायऱ्यांची सरदारमंडळी आणि राजाने वर्षातून एकदा लोकांना दर्शन द्यायचा उत्सव, हे सगळं एका नदीकाठच्या गावात आलं कुठून? ओनित्शाचं उत्तर तयार असतं: बेनिनहून.

चिमाची वाटचाल

बेनिन म्हणजे आजच्या नायजेरियातलं, नायजरच्या पश्चिमेचं एदो लोकांचं राज्य. आजच्या बेनिन नावाच्या देशाशी त्याची गल्लत करू नये. इग्बो लोक त्या राज्याला ‘इदू’ म्हणत, आणि ओनित्शाचे लोक अजून मिरवून स्वतःला ‘ओनिचा अदो न’इदू’ म्हणवतात.

कथा अशी. बेनिनच्या मुलखात चिमा नावाचा मातब्बर माणूस होता. पुढे तो एझे चिमा झाला, ‘एझे’ म्हणजे राजा. एका आवृत्तीत राजमाता असिजे चिमाच्या लोकांच्या शेतात शिरली, तिला मारहाण झाली आणि राजाने ग्बुन्वाला याला पारिपत्यासाठी धाडलं. कुठे भांडण शेतीचं, कुठे सरळ गादीचं. भांडणाचं कारण काहीही असो, चिमा आपली माणसं घेऊन पूर्वेकडे निघाला. वाटेत ठिकठिकाणी काही घराणी मागे राहिली आणि त्यांची गावं झाली: ओनित्शा-उग्बो, ओनित्शा-ओलोना, ओनित्शा-उकू, इसेले-उकू, ओबिओर आणि आणखी काही. ही सगळी आज डेल्टा राज्यात, नदीच्या पश्चिमेला आहेत आणि एकत्रितपणे ‘उमुएझेचिमा’, एझे चिमाची लेकरं म्हणून ओळखली जातात. बहुतेक कथनांत चिमा नदी ओलांडत नाही. ओलांडतो तो ओरेझे.

काळ विचारला तर बेनिनच्या एसिगी राजाचं नाव घेतात. एसिगी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. पोर्तुगीज तेव्हा बेनिनच्या दरबारात ये-जा करत होते. पण इथेच पहिली ठेच लागते. एसिगीची आई इतिहासात अनोळखी नाही. तिचं नाव इदिया. तिचा हस्तिदंती मुखवटा आज लंडनच्या आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत आहे, बेनिनच्या परंपरेत तिचा मान फार मोठा. कथेतली असिजे आणि दरबाराच्या इतिहासातली इदिया जुळत नाहीत. म्हणजे कथेतला राजा कदाचित दुसराच असेल, किंवा मोठं नाव हवं म्हणून एसिगी मागाहून चिकटवला असेल. सांगणाऱ्या पिढ्यांना पूर्वजाचं भांडण एखाद्या ऐऱ्यागैऱ्या राजाशी झालेलं कशाला आवडेल?

एका नावाखाली चार वाटा

आता घराण्यांकडे येऊ, कारण गोम तिथे आहे. ‘आम्ही बेनिनचे’ असं ओनित्शा एका सुरात म्हणतं. पण एकेका मोहल्ल्यात जाऊन विचारलं की सूर फुटतो.

राजघराणी चिमाची. गादीवरचा हक्क त्यांच्यातही दोन मोठ्या शाखांत फिरतो: उमुएझेआरोली आणि ओकेबुनाबो. बाकीच्यांनी कितीही पैसा, पदव्या, शिक्षण मिळवलं तरी ओबी होता येत नाही.

ओग्बोली हे घराणं आपलं मूळ न्रीकडे सांगतं. न्री ओनित्शाच्या पूर्वेला, इग्बो मुलखाच्या हृदयातलं. तिथले राजे तलवारीने राज्य करत नसत. जमिनीवर घडलेला विटाळ दूर करणं, पदव्यांचे विधी लावणं, रताळ्यासारख्या यामकंदाच्या पिकाला आशीर्वाद देणं, ही त्यांची सत्ता. चेहऱ्यावर ‘इची’ नावाचे व्रण असलेले न्रीचे लोक धर्मकार्यासाठी गावोगाव फिरत आणि त्या व्रणांमुळे त्यांना वाटेत कुणी हात लावत नसे. नव्या गावाला जमिनीशी नातं जोडून देणारा माणूस हवाच असतो. राजा बाहेरचा असेल तर जास्तच. म्हणजे बेनिनचं नाव सांगणाऱ्या राजाच्या गावात विधीचा धागा शुद्ध इग्बो परंपरेतून आला.

तिसरी वाट उत्तरेची. नायजरच्या वरच्या अंगाला इदाह इथे इगाला लोकांचं राज्य होतं, आणि नदीने माल नेणाऱ्या होड्यांवर त्यांचा मोठा वचक होता. ओनित्शातली काही घराणी आपला पूर्वज इगाला सांगतात. नदीकाठच्या गावात हे नवलाचं नाही. होडी लागली, माणूस राहिला, पोरंबाळं झाली.

चौथे लोक म्हणजे ओझे. चिमाची माणसं काठावर उतरली तेव्हा तिथे ओझे नावाचे लोक राहत होते, असं ओनित्शाचीच परंपरा सांगते. त्यांना हुसकावून लावलं, असंही तीच सांगते. सांगण्याच्या ओघात हे एका वाक्यात उरकलं जातं. मला मात्र सगळ्या कथेत याच वाक्यापाशी थांबावंसं वाटतं. ज्या गावाचा सगळा डोलारा ‘आम्ही आधी आलो’ यावर उभा आहे, ते स्वतःच्याच कथेत कबूल करतं की आपण आधी आलो नव्हतो.

पुरावा तपासून पाहू

बेनिनच्या बाजूने काय काय आहे?

पदव्या आहेत. ओबीच्या दरबारातल्या सरदारांना ‘एन्दिचिए’ म्हणतात. त्यांच्यातल्या वरच्या फळीत सहा जण: ओनोवू, अजिए, ओदू, ओन्या, ओगेने, ओवेल्ले. पहिल्या मानकऱ्याचं, ओनोवूचं, दुसरं नाव ‘इयासेले’. बेनिनच्या दरबारात प्रधानाची पदवी ‘इयासे’. हा योगायोग नाही.

मोहल्ल्यांची नावं आहेत. वरच्या ओनित्शाचा नकाशा पाहिला तर दोन तऱ्हांची नावं शेजारी शेजारी नांदतात. उमुदेई, उमुआसेले, उमुआरोली यांच्यात ‘उमु’ म्हणजे लेकरं, हा अस्सल इग्बो उपसर्ग. ओग्बे-ओदोग्वू, ओग्बे-ओतू, ओग्बे-अबू यांच्यात ‘ओग्बे’ म्हणजे पेठ किंवा वाडी. हा शब्द नदीच्या पश्चिमेकडचा, आणि बेनिन शहरात राजवाड्याच्या बाजूच्या भागाला ‘ओग्बे’च म्हणतात. शिवाय ओनित्शातल्या एका मोहल्ल्याचं नाव ओबिओर, आणि नदीपलीकडच्या उमुएझेचिमा गावाचंही नाव ओबिओर. माणसं गाव सोडतात तेव्हा गावाचं नाव बरोबर नेतात.

मग बेनिनच्या विरुद्ध काय? पहिलं, भाषा. ओनित्शात एदो भाषा शिल्लक नाही. बोली इग्बो. ‘चिमा’ हे नावसुद्धा इग्बो वळणाचं. ‘ची’ म्हणजे प्रत्येक माणसाचं जन्मासोबत आलेलं दैवत, आणि ‘चिमा’चा अर्थ लावतात तो ‘चीला ठाऊक’ असा. बेनिनच्या राजवंशातला माणूस इग्बो नाव कसं लावतो? इतिहासकार ए. ई. अफिग्बो यांनी असल्या सगळ्या दाव्यांना ‘बेनिनचं मृगजळ’ म्हटलं होतं. त्यांचा मुद्दा असा, की बेनिन हे शेजारच्या मुलखातलं सर्वात झगमगीत राज्य. त्याच्याशी नातं सांगितलं की मान वाढतो. दरबारी पदव्या, वस्त्रं, मुकुटाची तऱ्हा हे सगळं माणसं न हलता हलू शकतं. ‘इयासे’ ही पदवी नदीच्या पश्चिमेच्या कितीतरी इग्बो गावांत आहे, आणि तिथली सगळी गावं काही बेनिनहून आलेली नाहीत.

या आक्षेपात वजन आहे. पदव्यांनी संपर्क सिद्ध होतो, रक्त नाही. पण मोहल्ल्यांची नावं आणि वाटेवरच्या गावांची माळ नुसत्या नकलेने समजावता येत नाही. मला पटतं ते मधलं: चिमाचे लोक बेनिन शहरातले एदो नव्हते, तर बेनिनच्या छायेखाली राहणारे पश्चिमेकडचे इग्बो असावेत. बेनिनच्या रीतभातीत वाढलेले, पण इग्बो बोलणारे. त्यांनी राजाशी वाकडं घेतलं, पूर्वेला सरकले आणि राज्य करायची शैली बरोबर आणली. मग भाषेचं कोडं उरत नाही, नावाचंही नाही.

काळाचं गणित मात्र सुटत नाही. आजचे ओबी आल्फ्रेड न्नाएमेका अचेबे 2002 मध्ये गादीवर आले. ते एकविसावे मानले जातात. विसावे शतक घ्या: 1901 मध्ये गादीवर आलेले सॅम्युएल ओकोसी, मग जेम्स ओकोसी, ओन्येजेक्वे आणि 2001 मध्ये वारलेले ओफाला ओकाग्बुए. शंभर वर्षांत चार राजे. म्हणजे ओकोसींच्या आधी सोळा राजे. प्रत्येकी पंचवीस वर्षं धरली तर आपण 1500 पर्यंत मागे जातो आणि एसिगीच्या आधीच पोचतो. पंधरा धरली तर 1660 च्या आसपास अडकतो. दोन्ही सरासऱ्या शक्यतेच्या आतल्या. यादी पाठ असणं आणि यादीवरून साल काढणं यांत दीडशे वर्षांचं अंतर पडतं.

आता ढोलाकडे परत. पुष्कळ अभ्यासक या प्रसंगाला सजावट समजून बाजूला ठेवतात. मला तो सर्वात विश्वासार्ह वाटतो, आणि कारण साधं आहे. इग्बो समाजात भावकीचा कर्ता कोण, हे वडीलकीने ठरतं. थोरला मुलगा, ‘ओक्पाला’, पूर्वजांचा दंड सांभाळतो, पूजेचा पहिला घास त्याचा. गादीवर बसलेल्या घराण्याला आपली कथा मागाहून रचायची असती, तर त्यांनी ओरेझेला थोरला मुलगा केला असता आणि विषय मिटवला असता. त्याऐवजी ते सांगतात की वडीलकीने प्रश्न सुटला नाही, शर्यत लावावी लागली आणि आमचा पूर्वज चलाखीने जिंकला. स्वतःच्या हक्कातली फट कुणी उगाच दाखवत नाही. काठावर उतरताना तंटा झाला होता आणि एका गटाने दुसऱ्यांना मागे टाकलं होतं, एवढं या कथेतून मी खरं धरतो. ढोल असेल, नसेल.

घाटाला भाव आला

1857 च्या जुलैमध्ये ‘डेस्प्रिंग’ नावाच्या आगबोटीतून सॅम्युएल क्राउथर आणि जॉन ख्रिस्तोफर टेलर ओनित्शाला उतरले. क्राउथर योरूबा, लहानपणी गुलाम म्हणून पकडले गेलेले, पुढे 1864 मध्ये बिशप झाले. टेलर सिएरा लिओनमध्ये, सुटका झालेल्या इग्बो आईबापांच्या पोटी जन्मलेले. म्हणजे इग्बो मुलखातलं हे पहिलं मिशन आफ्रिकी माणसांनी उभं केलं. त्यांनी जागा मागितली ती ओबी अकाझुआकडे आणि त्याच्या सरदारांकडे. त्यांनी ती दिली. जमीन देणारा तो मालक, ही साधी गोष्ट पुढे फार कामाची ठरणार होती.

मिशनच्या मागोमाग व्यापारी कंपन्या आल्या. 1879 मध्ये ब्रिटिश आरमाराने ओनित्शावर तोफा डागल्या. 1886 मध्ये रॉयल नायजर कंपनीला सनद मिळाली. त्याच दशकात ओनित्शाची शेवटची ‘ओमू’ न्वाग्बोका वारली. ओमू ही बायकांची राणी, बाजाराची धनीण. ती राजाची बायको नव्हे, तिचा दरबार वेगळा, तिची पदवीधारी मंडळी वेगळी. न्वाग्बोकानंतर ओनित्शात ओमू बसली नाही. पश्चिम काठावरच्या काही गावांत ती अजून आहे. मूळ घराण्यांच्या कथेत सगळे पूर्वज पुरुष दिसतात, त्याचं एक कारण मला इथे दिसतं. कथा लिहून काढायची वेळ आली तेव्हा बायकांच्या बाजूने बोलायला अधिकाराची जागाच उरली नव्हती.

घाटावर वखारी, शाळा, धक्के आले तशी जमीन महागली. आणि जमीन महागली तशी कथा महागली. आग्नेयेचं शेजारचं गाव ओबोसी. ओनित्शा आणि ओबोसी यांच्यातला हद्दीचा वाद वसाहतीच्या कोर्टात गेला. 1935 मध्ये पश्चिम आफ्रिकी अपील न्यायालयापुढे ओबोसीच्या बाजूने कोदिलिन्ये आणि ओनित्शाच्या बाजूने ओदू पदवीचे म्बानेफो उभे होते. त्या निकालातलं तत्त्व नायजेरियातला कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी आजही घोकतो: जमिनीची मालकी सांगणाऱ्याने स्वतःच्या पुराव्याच्या बळावर जिंकावं, प्रतिवादीच्या लंगडेपणावर नाही.

ऐकायला हे तत्त्व रास्त आहे. पण मौखिक कथेचं त्याने काय होतं, ते पाहा. चावडीवर एकाच कथेच्या चार आवृत्त्या सुखाने नांदतात. लग्नात एक सांगतात, मयताला दुसरी, पदवी घेताना तिसरी. कोर्टात चार आवृत्त्या म्हणजे खोटा साक्षीदार. मग वकील बसतो, घराण्याचे म्हातारे बसतात आणि एक पक्की आवृत्ती तयार होते. ती कागदावर उतरते. पुढच्या पिढीला तीच परंपरा वाटते. कथेचं असं घट्ट होणं ही सांगणाऱ्यांची लबाडी नव्हे, विचारणाऱ्याने तसं विचारलं म्हणून ते झालेलं आहे.

न्यायाधीशांनाही ही अडचण कळत होती. 1957 मध्ये घानातल्या एका खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, वसाहतींच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, सांगितलं, की दोन परंपरा एकमेकींना छेद देत असतील तेव्हा साक्षीदार किती प्रामाणिक दिसतो, याला अर्थ नाही. शंभर वर्षांपूर्वीचं सांगताना प्रामाणिक माणूसही चुकतो. अलीकडच्या, माणसांच्या आठवणीतल्या घटना पाहा आणि कोणती परंपरा त्यांच्याशी जास्त जुळते ते ठरवा. ही कसोटी नायजेरियाच्या न्यायालयांनीही उचलली. ओनित्शाला ती लावून पाहिली तर चिमा मागे पडतो आणि अकाझुआ पुढे येतो. बेनिनहून कोण आलं, याला महत्त्व राहत नाही. 1857 मध्ये मिशनला जागा कोणी दिली, राज्याभिषेकाच्या विधीत कोणत्या घराण्याचा माणूस पुढे होतो, हे पाहायचं. माझ्या मते इतिहास लिहिणाऱ्यालाही हीच कसोटी बरी. फरक इतकाच, की न्यायाधीशाला निकाल द्यावाच लागतो.

1961: गादी रिकामी

जेम्स ओकोसी 1961 मध्ये वारले आणि गादीसाठी एकाहून अधिक दावेदार उभे राहिले. वाद इतका चिघळला की पूर्व प्रांताच्या सरकारने आर. डब्ल्यू. हार्डिंग यांची चौकशी नेमली. अखेर जोसेफ ओन्येजेक्वे यांना मान्यता मिळाली.

त्याच काळात, 1960 ते 1962, अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड हेंडरसन ओनित्शात राहत होते. एखाद्या गावाची मूळकथा अभ्यासायला याहून चांगली आणि याहून वाईट वेळ सापडणार नाही. चांगली, कारण सगळे वंशावळ बोलत होते. वाईट, कारण प्रत्येकाचा त्यात स्वार्थ होता. राजघराण्यातल्या कोणत्या शाखेचा हक्क, पाळी लागते की नाही, निवड करण्यात राजघराण्याबाहेरच्या सरदारांचा शब्द किती, अशा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शेवटी ओरेझेच्या वंशवृक्षाची कोणती फांदी कुठे जोडायची यावर येऊन ठेपत होतं. तीस वर्षांपूर्वीही हेच झालं होतं. सॅम्युएल ओकोसी 1931 मध्ये वारल्यावर पुढचा ओबी बसायला 1935 उजाडलं होतं.

गावात तेव्हा आणखी एक बडी असामी होती. न्नामदी अझिकिवे, देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, ओनित्शाच्या चिमावंशातले. पुढे गावाने त्यांना ओवेल्ले ही पदवी दिली. 1948 मध्ये ते सगळ्या इग्बोंच्या संघटनेचे अध्यक्ष झाले होते. यातली गंमत बाहेरच्याला चटकन कळत नाही. वरच्या ओनित्शात ‘इग्बो’ हा शब्द पूर्वी परक्यांसाठी वापरत. चढावरून, आतल्या रानातून घाटावर आलेला तो इग्बो, आम्ही ओनित्शाचे. आजच्या अर्थाची इग्बो ओळख घडली ती बरीचशी विसाव्या शतकात, शाळा, बायबलाचं भाषांतर, रेल्वे, परगावच्या नोकऱ्या यांतून. आणि तिचा सर्वात मोठा पुढारी निघाला तो इग्बो म्हणजे दुसरेच, असं म्हणणाऱ्या गावचा.

1967 ते 1970 च्या बिआफ्रा युद्धाने, म्हणजे इग्बो मुलूख नायजेरियातून वेगळा होऊ पाहत होता तेव्हाच्या यादवीने, हा सगळा तोरा बाजूला सारला. केंद्राच्या फौजा असाबाहून नदी ओलांडून आल्या, पूल उडवला गेला, बाजार जळाला. बेनिनचं मूळ सांगणाऱ्या घराण्याला आणि न्रीचं मूळ सांगणाऱ्या घराण्याला तोफगोळा एकच लागला. युद्धानंतर नायजेरियात काही समाजांनी आपण इग्बो नाही, असं नव्याने सांगायला सुरुवात केली. पोर्ट हारकोर्टच्या आसपासचे इक्वेरे त्यांच्यातले. ओनित्शाकडे बेनिनची कथा आयतीच होती, तरी त्याने ती त्या कामी लावली नाही.

मूळ गाव कोणतं?

1991 मध्ये राज्यांची पुन्हा फाळणी झाली. असाबा डेल्टा राज्याची राजधानी झाली, ओनित्शा नव्या अनाम्ब्रात राहिलं. उमुएझेचिमाची भावकी त्यानंतरही दोन राज्यांतच राहिली. नायजेरियात हा नुसता भूगोल नाही. सरकारी नोकरी, विद्यापीठातला प्रवेश, निवडणुकीतलं तिकीट, सगळीकडे ‘मूळ राज्य’ आणि ‘मूळ गाव’ विचारतात, आणि स्थानिक प्रशासनाचा मूळनिवासी असल्याचा दाखला मागतात. जन्म कुठे झाला, कर किती वर्षं कुठे भरला, याने तो दाखला मिळत नाही. बापाचं मूळ कोणत्या गावचं, याने मिळतो.

ओनित्शाच्या घाटावर ज्याचा आजा जन्मला, ज्याचं दुकान तीन पिढ्या मुख्य बाजारात आहे, असा न्नेवी गावच्या घराण्याचा माणूस दाखल्यासाठी न्नेवीला जातो. ओग्बोलीतला माणूस, ज्याचे पूर्वज न्रीहून आले असं त्याचं घराणं स्वतःच सांगतं, ओनित्शाचाच दाखला घेतो. दोघांचेही पूर्वज त्याच पूर्वेकडच्या इग्बो मुलखातून, त्याच नदीकडे उतरलेले. एकाला राजाच्या विधींसाठी बोलावलं गेलं आणि कथेत जागा मिळाली. दुसरा आला तोपर्यंत कथा कोर्टात लिहून झाली होती.